ॲक्सेसची फाइल ‘रीड-ओन्ली’ उघडते तेव्हा: वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये पुन्हा नोंदी कशा सुरू कराव्यात

मार्चअखेर जवळ आली की लहान वाचनालयांत एक प्रसंग हमखास घडतो. ग्रंथपाल सकाळी संगणक सुरू करतात, सभासदांच्या वर्गणीची नोंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्राममधली रोजची फाइल उघडतात आणि वरच्या बाजूला पिवळी पट्टी दिसते: ‘रीड-ओन्ली’. जुन्या नोंदी सगळ्या जागेवर असतात, पुस्तकांचे दाखल क्रमांक दिसतात, सभासदांची नावे दिसतात; पण नवी ओळ लिहिता येत नाही आणि चुकलेला आकडा दुरुस्त करता येत नाही. समोर सभासद पावतीसाठी उभा असतो. अशा वेळी प्रथम एक गोष्ट जाणून घ्यावी, की बहुतेक प्रसंगी फाइल बिघडलेली नसते. दुसऱ्या कोणीतरी ती धरून ठेवलेली असते, किंवा ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे लिहिण्याची परवानगी आपल्याला नसते. हे दोन्ही अडथळे दूर करता येतात, मात्र त्यासाठी अडथळा नेमका कोणता आहे ते आधी ओळखावे लागते.

हा लेख विंडोजवर ॲक्सेस वापरणाऱ्या, परंतु संगणकाचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या ग्रंथपालांसाठी आणि लेखनिकांसाठी आहे. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था किंवा शाळेचे कार्यालय येथेही हीच पद्धत लागू पडते. फाइल उघडतानाच पासवर्ड मागितला जात असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. ज्या पदाधिकाऱ्याने पासवर्ड लावला असेल त्याच्याकडूनच तो रीतसर घ्यावा.

सर्वांत आधी: ‘सेव्ह ॲज’ दाबू नये

पिवळ्या पट्टीवर ‘सेव्ह ॲज’ असे बटण असते आणि बदल करायचे असल्यास नक्कल जतन करा, असा सल्लाही तेथेच लिहिलेला असतो. घाईत असलेला माणूस ते बटण दाबतो, फाइल डेस्कटॉपवर जतन होते, नोंदी सुरळीत सुरू होतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणापासून वाचनालयाच्या दोन नोंदवह्या सुरू झालेल्या असतात. मी ज्या एका वाचनालयाला मदत करत होतो, तेथे देवघेवीच्या टेबलावरच्या संगणकावर अशी नक्कल तीन आठवडे चालू राहिली. कार्यालयातल्या संगणकावर मात्र मूळ फाइलमध्येच वर्गणी लिहिली जात होती. सभासद क्रमांक ॲक्सेस आपोआप देत असल्यामुळे दोन्ही फाइलींनी एकच क्रमांक दोन वेगवेगळ्या माणसांना दिला. पुढे ती नावे वेगळी करण्यासाठी आम्हाला पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेऊन दोन संध्याकाळी बसावे लागले.

अशी नक्कल आधीच तयार झाली असेल तर ती पुसून टाकू नये. तिचे नाव बदलून, नावात तारीख घालून ती बाजूला ठेवावी. मूळ फाइल पुन्हा लिहिती झाल्यावर ‘एक्स्टर्नल डेटा’ या टॅबमधून नकलेतला तक्ता मूळ फाइलला जोडून घ्यावा आणि ‘क्वेरी विझार्ड’मधला (क्वेरी म्हणजे तक्त्यांतल्या नोंदी निवडणारी किंवा बदलणारी आज्ञा) ‘फाइंड अनमॅच्ड’ हा पर्याय वापरून, नकलेत असलेल्या पण मुळात नसलेल्या नोंदी शोधाव्यात. ही जुळणी आपोआप पडणाऱ्या क्रमांकावरून करू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे तो क्रमांक दोन्हीकडे सारखाच, पण दोन निरनिराळ्या व्यक्तींचा असू शकतो. छापील पावतीचा क्रमांक किंवा पुस्तकाचा दाखल क्रमांक यांवरून केलेली जुळणी खात्रीची असते. या रीतीने फक्त नव्या नोंदी सापडतात. जुन्या नोंदींत केलेल्या दुरुस्त्या नजरेनेच ताडून पाहाव्या लागतात.

संदेश शब्दशः वाचावा

पडद्यावर येणारे संदेश एकमेकांसारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. त्यामुळे संदेशाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

पट्टीवर ‘सिक्युरिटी वॉर्निंग’ आणि शेजारी ‘एनेबल कंटेंट’ असे बटण असेल, तर फाइल कोणी धरलेली नाही. ॲक्सेसने केवळ मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आणि नोंदी बदलणाऱ्या क्वेरी थांबवून ठेवल्या आहेत. फाइल आपलीच आहे याची खात्री असेल तर ते बटण दाबावे. लाल पट्टी असेल आणि फाइलचा स्रोत विश्वासार्ह नाही असे तीवर म्हटले असेल, तर ती फाइल बहुधा ई-मेलने किंवा इंटरनेटवरून आलेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून अशा फाइलींमधले मॅक्रो थेट अडवायला सुरुवात केली. अशा फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘जनरल’ या पानावर खालच्या बाजूला असलेल्या ‘अनब्लॉक’च्या चौकोनात खूण करावी आणि ‘ओके’ म्हणावे.

३०४५ क्रमांकाची त्रुटी म्हणजे फाइल आधीच वापरात आहे. ३०५१ चा अर्थ दुहेरी आहे: कोणीतरी फाइल फक्त स्वतःसाठी उघडली आहे, किंवा आपल्याला तेथे लिहिण्याची परवानगी नाही. ३७३४ या त्रुटीच्या संदेशात मात्र बरेच काही सांगितलेले असते, कारण ज्या संगणकामुळे फाइल अडली आहे त्याचे नावच त्यात छापलेले असते. हे नाव दिसले की अर्धे काम झाले असे समजावे. त्या संगणकापाशी जावे आणि तेथील ॲक्सेस बंद करावे.

कुलपाची फाइल पाहावी

मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर उघडावा. ‘व्ह्यू’ या मेनूतून फाइलनावांची एक्स्टेन्शन्स दिसतील अशी व्यवस्था करावी. आपल्या मुख्य फाइलच्या नावात टिंबानंतर ‘एसीसीडीबी’ ही अक्षरे दिसतील. फाइल २००७ पूर्वीच्या पद्धतीची असेल तर ‘एमडीबी’ दिसतील. तिच्याच शेजारी, तेच नाव असलेली, पण ‘एलएसीसीडीबी’ किंवा ‘एलडीबी’ अशी शेवटची अक्षरे असलेली एक छोटी फाइल आहे का ते पाहावे. तिच्या प्रकाराच्या रकान्यात ‘रेकॉर्ड-लॉकिंग इन्फर्मेशन’ असे शब्द असतात. हीच कुलपाची फाइल.

पहिला माणूस डेटाबेस सर्वांसाठी खुल्या पद्धतीने उघडतो तेव्हा ॲक्सेस ही फाइल तयार करते, आणि शेवटचा माणूस डेटाबेस बंद करतो तेव्हा ती आपोआप पुसते. मधल्या काळात कोणता संगणक कोणती नोंद लिहीत आहे याचा ताळमेळ तिच्या आधारे राखला जातो. म्हणून ती दिसली की लगेच पुसून टाकण्याचा सल्ला चुकीचा आहे. दोन माणसे रीतसर काम करत असतील तर ती फाइल तेथे असायलाच हवी.

तिच्यात काय आहे ते पाहता येते. तिची एक नक्कल घ्यावी आणि ती नक्कल नोटपॅडमध्ये उघडावी. मजकूर विचित्र दिसेल, पण त्यात संगणकांची नावे ओळखता येतात: एक नाव, मग लांब मोकळी जागा, मग ‘ॲडमिन’, पुन्हा मोकळी जागा, मग दुसरे नाव. प्रत्येक वापरकर्त्यासाठी तेथे ६४ बाइटची जागा असते. त्यातील ३२ बाइट संगणकाच्या नावासाठी आणि ३२ बाइट वापरकर्त्याच्या नावासाठी. एका डेटाबेसवर एका वेळी जास्तीत जास्त २५५ जण असू शकतात, त्यामुळे ही फाइल सुमारे १६ किलोबाइटच्या पुढे जात नाही. सगळ्यांचे नाव ‘ॲडमिन’ दिसले म्हणून दचकू नये, कारण ते ॲक्सेसचे ठरावीक नाव आहे. कामाचे असते ते संगणकाचे नाव.

येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. माणूस डेटाबेस बंद करून गेला तरी यादीतली त्याची ओळ लगेच खोडली जात नाही; दुसरा कोणी आला की त्या जागेवर नवे नाव लिहिले जाते. म्हणून यादीत असलेला प्रत्येक संगणक आत्ता फाइल वापरतोच आहे असे नाही. यादीवरून कोणत्या टेबलापाशी जाऊन विचारायचे एवढे कळते, आणि खात्री प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते.

मुख्य फाइल ‘रीड-ओन्ली’ किंवा वापरात असल्याचे सांगते आहे, पण शेजारी कुलपाची फाइलच नाही, असेही घडते. अशा वेळी एक शक्यता ही, की कोणीतरी डेटाबेस ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’ या पर्यायाने, म्हणजे फक्त स्वतःसाठी उघडला आहे. तसे केल्यास कुलपाची फाइल तयारच होत नाही. हा पर्याय एखाद्या संगणकावर कायमचा लागलेला असू शकतो. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘क्लायंट सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ‘डिफॉल्ट ओपन मोड’ या ठिकाणी ‘शेअर्ड’ निवडलेले आहे का, ते प्रत्येक संगणकावर एकदा तपासून घ्यावे. दुसरी शक्यता फोल्डरच्या परवानगीची. तिच्याकडे पुढे येऊ.

सगळे बाहेर पडले तरी कुलूप राहिले असल्यास

प्रथम सर्व सहकाऱ्यांना काम जतन करून ॲक्सेस बंद करायला सांगावे. झोपी गेलेला लॅपटॉप म्हणजे बंद झालेला लॅपटॉप नव्हे, हे येथे विसरू नये. झाकण उघडून फाइल नीट बंद करावी. त्यानंतरही कुलपाची फाइल दिसत असेल तर प्रत्येक संगणकावर ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’ पार्श्वभूमीवर चालू राहिलेले आहे का ते पाहावे. खिडकी दिसत नाही, पण प्रोग्राम चालू आहे, असे पुष्कळदा आढळते. ते आढळल्यास ‘एंड टास्क’ करावे.

ज्या संगणकावर मूळ फाइल ठेवलेली आहे, तेथे आणखी एक भरवशाची जागा आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडावे आणि त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’, मग ‘ओपन फाइल्स’ येथे जावे. नेटवर्कवरून कोणती फाइल कोणी उघडून ठेवली आहे याची यादी तेथे मिळते. ती पाहण्यासाठी त्या संगणकाचे प्रशासक-खाते लागते. त्याच यादीतून फाइल सक्तीने बंदही करता येते, पण समोरचा माणूस नोंद लिहीत असताना तसे केले तर ती नोंद अर्धवट राहू शकते आणि फाइल खराब होण्याचा धोका असतो. तो माणूस सापडत नाही आणि त्याचा संगणक बंद पडलेला आहे याची खात्री झाली, तरच हा उपाय करावा.

आता कुलपाची फाइल पुसण्याचा प्रयत्न करावा. विंडोजने ती पुसू दिली तर ती मागे राहून गेलेली होती, उदाहरणार्थ वीज गेल्यामुळे. फाइल वापरात आहे असे सांगून विंडोजने नकार दिला तर कोणीतरी अजूनही आत आहे, आणि वरची शोधमोहीम पुन्हा करायची आहे. हा नकार टाळण्यासाठी इंटरनेटवर मिळणारी, कुलूप तोडून देणारी साधने वापरू नयेत.

सगळे बाहेर पडलेले आहेत तोवरच मुख्य फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावी. फाइल उघडी असताना घेतलेल्या नकलेचा भरवसा देता येत नाही. वीज गेल्यामुळे किंवा संगणक अडकल्यामुळे कुलूप राहिले असेल, तर नक्कल घेतल्यानंतर ‘डेटाबेस टूल्स’मधील ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ एकदा चालवावे. त्यासाठीही इतर सर्वांनी बाहेर असणे आवश्यक असते.

फोल्डरची परवानगी

एकाच संगणकावर फाइल नेहमी ‘रीड-ओन्ली’ उघडते आणि दुसऱ्यावर नीट चालते, असे असेल तर कारण बहुधा परवानगीत असते. पुष्कळ ठिकाणी संगणक दुरुस्त करणारा माणूस केवळ त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी देतो आणि तेवढे पुरेसे आहे असे समजतो. ते पुरेसे नसते. ॲक्सेसला कुलपाची फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार करायची असते, तिच्यात लिहायचे असते आणि शेवटी ती पुसायचीही असते. त्यामुळे परवानगी पूर्ण फोल्डरवर हवी. ती फाइल तयार करता आली नाही तर डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडतो, किंवा पहिल्या माणसाच्या एकट्याच्या ताब्यात जातो आणि बाकीच्यांना प्रवेश मिळत नाही.

हे तपासण्याची एक साधी चाचणी आहे आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्या संगणकावर अडचण येते त्या संगणकावरून, रोजच्याच वापरकर्ता-खात्याने, तो फोल्डर उघडावा. मोकळ्या जागेत उजवी क्लिक करून एक नवी टेक्स्ट फाइल तयार करावी. ती उघडून ‘चाचणी’ असा शब्द लिहावा व जतन करावी. मग ती पुसावी. तयार करणे, लिहिणे आणि पुसणे यांपैकी जे अडेल, तीच परवानगी कमी आहे. केवळ पुसणे अडत असेल तर डेटाबेस चालतो, पण कुलपाची फाइल रोज मागे राहते आणि सर्वांचा गोंधळ होतो.

चाचणी अडली तर मूळ फाइल असलेल्या संगणकावर, प्रशासक-खात्याने, फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे दोन वेगवेगळी पाने आहेत आणि दोन्ही पाहावी लागतात. ‘शेअरिंग’ या पानावरची परवानगी म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी वाड्याचा दिंडी-दरवाजा, आणि ‘सिक्युरिटी’ या पानावरची परवानगी म्हणजे आतल्या खोलीचे दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, म्हणून दोहोंपैकी जी परवानगी कमी असेल तीच अखेर लागू होते. ‘सिक्युरिटी’मध्ये सर्व अधिकार दिलेले आहेत, पण ‘शेअरिंग’मध्ये फक्त ‘रीड’ आहे, अशी अवस्था वारंवार पाहायला मिळते. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ मधल्या ‘परमिशन्स’मध्ये ‘चेंज’ आणि ‘सिक्युरिटी’मध्ये ‘मॉडिफाय’ एवढे अधिकार पुरतात. हे अधिकार ‘एव्हरीवन’ला देण्यापेक्षा वाचनालयात नोंदी करणाऱ्यांच्याच खात्यांना द्यावेत, कारण त्या फाइलमध्ये सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात.

लवकर तपासून होणारी काही कारणे

फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’ या चौकोनात खूण आहे का ते पाहावे आणि असल्यास काढावी. सीडीवरून परत आणलेल्या जुन्या नकलांवर ती खूण राहून गेलेली असू शकते. फाइल झिप संचातून थेट उघडलेली असेल तर ती आधी बाहेर काढून घ्यावी. ई-मेलमधली जोडलेली फाइल आधी फोल्डरमध्ये जतन करून मगच उघडावी. फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवलेली असेल तर ती तेथून हलवावी, कारण तेथे सामान्य खात्याला लिहू दिले जात नाही. फाइलचा आकार २ गीगाबाइटच्या जवळ पोहोचला असेल तर नव्या नोंदींना जागाच उरत नाही. ॲक्सेसच्या एका फाइलची ही कमाल मर्यादा आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे तक्त्यातच साठवणाऱ्या वाचनालयांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवू नये. या सेवा पूर्ण फाइल उचलून वरखाली करतात, त्या वेळी ती अडकते, आणि दोन ठिकाणी एकाच वेळी काम झाल्यास पुन्हा दोन नोंदवह्या तयार होतात. बंद केलेल्या फाइलची नक्कल तेथे ठेवणे मात्र योग्य आहे.

पिवळी पट्टी नाही, तरीही नोंद बदलत नाही

फाइल नीट उघडते, पण एका विशिष्ट ठिकाणीच लिहिता येत नाही, असे असेल तर फोल्डर तपासत बसू नये. प्रथम मूळ तक्ता उघडून त्यात लिहिता येते का ते पाहावे. तक्त्यात लिहिता येते आणि फॉर्ममध्ये येत नाही, तर फॉर्मच्या गुणधर्मांत ‘अलाउ एडिट्स’ हे ‘नो’वर असेल किंवा ‘रेकॉर्डसेट टाइप’ हा ‘स्नॅपशॉट’ असेल. क्वेरीच्या निकालात लिहिता येत नसेल तर ती क्वेरी बेरजा करणारी किंवा दोन याद्या एकत्र जोडणारी असू शकते. ‘या वर्षी कोणाची किती वर्गणी जमा झाली’ अशा एकत्रित आकड्यात लिहिता येत नाही, तो आकडा ज्या पावत्यांतून आला त्यांतच दुरुस्ती करावी लागते. ३०७३ क्रमांकाची त्रुटी बहुधा हेच सांगत असते, पण फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नसतानाही ती येऊ शकते.

नोंदी होतात, पण फॉर्मची रचना बदलता येत नाही, असे असेल तर फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे पाहावीत. ‘एसीसीडीई’ किंवा ‘एमडीई’ असल्यास ती फाइल मुद्दाम बंदिस्त करून दिलेली आहे आणि रचनेत बदल करण्यासाठी, ज्याने ती तयार केली त्याच्याकडची मूळ फाइलच लागेल. साधी ‘एसीसीडीबी’ असेल आणि डेटाबेस आपल्या एकट्याच्या ताब्यात नाही असा संदेश येत असेल, तर इतरांना थोडा वेळ बाहेर पडायला सांगून रचना बदलावी.

पुन्हा पुन्हा अडू नये म्हणून

दोन किंवा अधिक संगणकांवर काम चालत असेल तर ‘डेटाबेस टूल्स’मधील ‘ॲक्सेस डेटाबेस’ या आज्ञेने फाइलचे दोन भाग करून घ्यावेत. तक्ते असलेला भाग सामायिक फोल्डरमध्ये राहतो. फॉर्म, क्वेरी आणि अहवाल असलेल्या भागाची एकेक नक्कल प्रत्येक संगणकावर ठेवायची असते. वर ज्या नकलेविषयी इतके सावध केले, तिच्याशी याची गल्लत करू नये: येथे नोंदी एकाच ठिकाणी साठतात आणि फक्त दर्शनी खिडक्या अनेक असतात. तक्त्यांच्या भागाला जोडणारे संगणक शक्यतो वायरने जोडावेत, कारण वायफाय क्षणभर तुटले तरी लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहू शकते.

दुरुस्ती झाली असे वाटल्यावर दोन संगणकांवर एकाच वेळी फाइल उघडावी. पहिल्यावर ‘चाचणी सभासद’ या नावाने एक नोंद करावी, दुसऱ्यावर तक्ता नव्याने उघडून ती दिसते का ते पाहावे, आणि दुसऱ्याच संगणकावरून ती पुसावी. या वेळी सामायिक फोल्डरमध्ये कुलपाची फाइल दिसायला हवी. दोन्हीकडचे ॲक्सेस बंद केल्यावर ती नाहीशी झाली, की थांबलेल्या पावत्या क्रमाने लिहायला घ्याव्यात.